कडकपणाचा पत्ता चुकतो तेव्हा

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट भरात होती आणि टाळेबंदीमुळे दारूची दुकाने बंद होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दोन दिवसांत सात जण दगावले. हे मृत्यू कोरोनाचे नव्हते. दारू मिळेना म्हणून ही माणसे सॅनिटायझर प्यायली होती.

अशी बातमी वाचली की मनात पहिला प्रश्न येतो, एवढीही कळ काढता येऊ नये? या प्रश्नातच आपली सगळी समजूत दडलेली आहे. व्यसन म्हणजे जिभेचे चोचले, मनाचा दुबळेपणा, संस्कारांची उणीव असे आपण धरून चालतो. मग उपायही तसेच सुचतात. दार बंद करा, पैसे तोडा, दोन ठेवून द्या, आपोआप सुटेल. पण रोज पिणाऱ्याचे शरीर दारूवर बेतलेले असते. ती एकाएकी तुटली की हात थरथरतात, झोप उडते, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, ताप चढतो आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवतो. वणीच्या त्या दोन दिवसांनी दाखवून दिले, की पुरवठा बंद करणे आणि व्यसन सोडवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

व्यसनी मुलगा असलेल्या प्रत्येक घरात हा वाद चालतो. आई म्हणते, रात्री कितीही वाजता येऊ दे, ताट झाकून ठेवते. बाप म्हणतो, घराबाहेर काढा, उपाशी राहिला की शुद्धीवर येईल. आजी देवाला नवस बोलते, काका पोलिसांत द्या म्हणतो. मायेने घ्यायचे की कडक व्हायचे, या वादात वर्षे जातात आणि पोरगा आणखी खोल जातो. माझे म्हणणे असे, की आपल्याकडे कडकपणा मुळीच कमी नाही. तो चुकीच्या पत्त्यावर जातो. जो सगळ्यांत दुबळा त्याच्या पाठीवर तो पडतो आणि जो विकतो, जो पाजतो, जो लपवतो त्याच्या दारापर्यंत पोहोचतच नाही.

खर्ऱ्यापासून सुरुवात

यवतमाळ जिल्ह्यातले व्यसन समजायचे असेल तर दारूच्या दुकानाआधी पानठेल्यावर थांबायला हवे. तंबाखू, सुपारी आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून खर्रा तयार होतो. विदर्भाबाहेरच्या माणसाला हा शब्दही नवा असतो. इथे तो पाहुणचाराचा भाग आहे. मजुरीवर, एसटीत, लग्नाच्या मांडवात, कार्यालयाच्या व्हरांड्यात पन्नी पुढे केली जाते आणि नाही म्हणणारा शिष्ट ठरतो. मुलगा पहिला खर्रा बहुधा मोठ्यांसाठी आणायला जातो. ‘जा रे, एक खर्रा घेऊन ये’ हे वाक्य त्याने शाळेत जाण्याआधीपासून ऐकलेले असते.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत असल्याचे दिसले आणि त्यांतले बहुतेक चघळणारे होते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्याला आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला ती विकण्याला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. हे नियम शाळेच्या भिंतीवर रंगवलेले असतात आणि त्या भिंतीपासून चार पावलांवर पन्नी घोटली जाते. सुपारीमुळे तोंडाच्या आतले अस्तर ताठर होते, तोंड पुरते उघडेनासे होते, तिखट सोसत नाही. ही कर्करोगाच्या आधीची पायरी असू शकते. विशीतल्या पोराच्या तोंडात दोन बोटे जात नाहीत, हे दृश्य विदर्भातल्या दंतवैद्यांना नवे नाही.

त्यापुढची पायरी दारूची. बिअरसाठी एकवीस आणि कडक दारूसाठी पंचवीस ही महाराष्ट्रातली कायदेशीर वयोमर्यादा आहे, हे पिणाऱ्यांनाच काय, पाजणाऱ्यांनाही ठाऊक नसते. देशी दारू, हातभट्टी आणि मोहाची दारू हे तीन प्रवाह जिल्ह्यात शेजारी शेजारी वाहतात. मोहाबद्दल थोडे जपून बोलले पाहिजे. गोंड आणि कोलाम समाजात मोह हे पूज्य झाड आहे. त्याची फुले उन्हाळ्यातले अन्न आहेत, पूजेत मोहाच्या दारूची धार सोडली जाते. ही परंपरा आणि विकण्यासाठी रोज गाळली जाणारी दारू यांची गल्लत करून आदिवासी पोराला ‘हे तर पिणारेच’ म्हणून सोडून देणे हा अन्याय आहे. त्या पाड्यांवरच्या आयाबायाही तितक्याच पोळलेल्या आहेत आणि दारूविरुद्ध त्याच पुढे आल्या आहेत.

गांजा आहे, आणि शहरांत ‘सोल्युशन’ आहे. पंक्चरचे द्रावण, थिनर किंवा व्हाइटनर रुमालावर घेऊन हुंगायचे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात हुंगण्याच्या पदार्थांचा वापर प्रौढांमध्ये ०.५८ टक्के, तर मुलांमध्ये १.१७ टक्के आढळला. मुले मोठ्यांच्या पुढे असलेला हा एकच पदार्थ होता. तो स्वस्त आहे, किराणा किंवा स्टेशनरीच्या दुकानात मिळतो आणि तो विकणाऱ्याला आपण काही गैर करतो आहोत असे वाटतही नाही.

या पोरांच्या मागचा जिल्हाही डोळ्यांसमोर ठेवा. कापसाचे पीक, पावसावरची शेती, कर्ज. शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर गेलेले नाव, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंगांचा विदर्भ दौरा आणि त्यापाठोपाठ सहा जिल्ह्यांसाठी आलेले पॅकेज, २०१७ च्या पावसाळ्यातल्या फवारणीच्या विषबाधा. ज्या घरातला कर्ता गेला, तिथला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा एका दिवसात कर्ता होतो. वणी पट्ट्यात कोळसा खाणी आहेत, ट्रकांची रात्रंदिवस ये-जा आहे, हातात रोख पैसा येतो आणि तो खर्च करायला ढाबा जवळ असतो. दुःख, रिकामपण आणि हाताशी असलेला पदार्थ एकत्र आले की व्यसनाला आणखी कारण लागत नाही.

वयाचा हिशेब वेगळाच. निर्णय तोलणारा आणि आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पक्व होतो. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीत, पंधराव्या वर्षाआधी दारू सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे चाळीस टक्के पुढे कधी ना कधी दारूच्या आहारी गेलेले आढळले. विशीनंतर सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते. पहिला घोट पाच वर्षे लांबवणे हे म्हणूनच फार मोठे काम आहे.

घरोघरचे उपाय

पोट्टा हाताबाहेर गेला, असे कळले की घरात काय होते? पहिला उपाय मार. चारचौघांत मारले तर लाज वाटेल, ही त्यामागची समजूत. लाज वाटतेच. ती विसरण्याची सोपी जागा त्याला माहीत असते आणि तो तिथेच जातो. दुसरा उपाय कोंडणे, क्वचित साखळदंडाने बांधणे. तिसरा शपथ. आईच्या गळ्याची, देवाची, नाहीतर गळ्यात माळ. माळेमुळे सुटलेली माणसे खरोखर आहेत, कारण माळेबरोबर त्यांना भजनाची सोबत, संध्याकाळचा नवा कार्यक्रम आणि गावातला मान मिळाला. ज्याला नुसती शपथ मिळाली आणि सोबत मिळाली नाही, त्याची ती मोडते. मग व्यसनाच्या ओझ्यावर पापाचेही ओझे चढते.

चौथा उपाय सगळ्यांत क्रूर आहे आणि तो अगदी सहज केला जातो. ‘लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल.’ पोराच्या उपचाराचा भार अशा वेळी एका अनोळखी मुलीच्या अंगावर टाकला जातो. तिला आधी काही सांगितलेले नसते आणि तो सुधारला नाही की दोष तिच्या पायगुणाला लागतो.

पाचवा उपाय भाजीत कालवून द्यायची पावडर. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती बसस्थानकांच्या भिंतींवर दिसतात. अशा पुड्यांत काय असते याची खात्री नसते. त्यात डायसल्फिराम नावाचे औषध असेल आणि ते शरीरात असताना माणूस दारू प्याला तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो आणि जीवही जाऊ शकतो. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पिणाऱ्याला सगळे समजावून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. चोरून दिलेल्या पुडीने जीव धोक्यात येतो आणि मुलगा आईच्या हातच्या जेवणावरचा विश्वासही गमावतो.

या पाचही उपायांमागे प्रेम आहे, यात शंका नाही. पण प्रत्येकात मुलाशी बोलणे तेवढे राहून गेले आहे.

जगाने करून पाहिलेला कडकपणा

कठोर प्रेमाचा हा प्रयोग जगाने मोठ्या प्रमाणावर केला आहे आणि त्याचे निकाल उपलब्ध आहेत. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात चार्ल्स डिडरिच याने सिनॅनॉन ही संस्था काढली. तिथे व्यसनी माणसाला गोलात बसवून सगळ्यांनी त्याच्यावर तुटून पडायचे, त्याचा अहंकार मोडायचा, अशी पद्धत होती. सुरुवातीला तिचे फार कौतुक झाले. पुढे संस्था हिंसक पंथ बनली. १९७८ मध्ये तिच्याविरुद्ध लढणाऱ्या एका वकिलाच्या टपालपेटीत तिच्या माणसांनी विषारी साप सोडला. त्याच वळणावर १९७६ मध्ये फ्लोरिडात किशोरवयीनांसाठी स्ट्रेट ही संस्था निघाली. हजारो मुले तिथून गेली, मारहाण आणि अपमानाच्या तक्रारी झाल्या, खटले चालले आणि १९९३ मध्ये ती बंद पडली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००४ मध्ये बोलावलेल्या तज्ज्ञ मंडळाने किशोरांमधल्या हिंसक वर्तनावरच्या कार्यक्रमांचा आढावा घेतला. भीती आणि दरारा यांवर उभे असलेले कार्यक्रम उपयोगी पडत नाहीत, उलट मुले आणखी बिघडू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९९३ मध्ये सहकाऱ्यांसह एक अभ्यास प्रसिद्ध केला. समुपदेशक पिणाऱ्याशी जितका वाद घाली, जितका त्याला कोंडीत पकडी, तितका तो माणूस वर्षभरानंतर अधिक पीत असल्याचे त्यांना आढळले. वाद घातला की माणूस आपल्या पिण्याची बाजू मांडू लागतो आणि स्वतःचेच शब्द ऐकून त्याला ती पटत जाते. मिलर यांनी वेगळी पद्धत मांडली. प्रश्न विचारायचे, ऐकून घ्यायचे आणि सोडण्याची कारणे त्याच्याच तोंडून येऊ द्यायची.

१९९९ मध्ये मिलर आणि रॉबर्ट मेयर्स यांनी घरच्यांसाठीच्या तीन मार्गांची तुलना केली. पिणारा उपचाराला तयार नव्हता अशा १३० कुटुंबांनी त्यात भाग घेतला. सगळ्यांनी मिळून त्याला समोर बसवून जाब विचारायचा, या मार्गाने ३० टक्के पिणारे उपचाराला आले. आपण अलिप्त व्हायचे आणि स्वतःला सांभाळायचे, या मार्गाने १३ टक्के आले. तिसऱ्या मार्गात घरच्यांना वागण्याचे प्रशिक्षण होते. तो शुद्धीवर असेल तेव्हा जवळ घ्यायचे, प्यालेला असेल तेव्हा वाद न घालता बाजूला व्हायचे, त्याच्या वागण्याचे परिणाम त्याला भोगू द्यायचे आणि योग्य क्षणी उपचाराचा विषय काढायचा. या मार्गाने ६४ टक्के आले. या तिसऱ्या मार्गात माया आहे आणि शिस्तही आहे. फक्त ती शिस्त घरच्यांनी आधी स्वतःला लावून घ्यायची आहे.

प्रश्न विचारणारे बाबा

हे सगळे साता समुद्रापारचे वाटत असेल तर वऱ्हाडातच आपल्याकडे एक मोठा माणूस होऊन गेला. गाडगेबाबा. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या डेबूजीचे वडील झिंगराजी दारूपायी गेले, तेव्हा डेबूजी लहान होता. व्यसनाने उद्ध्वस्त झालेल्या घरातला हा मुलगा. पुढे स्वतःच्या लेकीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून त्याने गोडाचे जेवण घातले, जातभाईंची नाराजी पत्करली. रीतीशी तो कडक वागला, पण माणसांना त्याने कधी तोडले नाही.

बाबांच्या कीर्तनाची पद्धत आठवा. ते प्रश्न विचारत आणि समोर बसलेल्या माणसांकडून उत्तर काढून घेत. दारू पिऊन कोणाचे भले झाले, हे सांगत बसण्यापेक्षा ते लोकांनाच विचारत आणि उत्तर देणारा आपल्याच उत्तरात सापडे. मिलर यांनी अभ्यासातून जे दाखवले, ते हा न शिकलेला माणूस हातात खराटा आणि डोक्यावर गाडगे घेऊन गावोगाव करत होता. तुकडोजी महाराजांनीही ग्रामसुधारणेच्या कामात व्यसनमुक्तीला जागा दिली आणि तिला सामुदायिक प्रार्थनेची जोड दिली. संध्याकाळी पोरे कुठे जातात, हा प्रश्न त्यांनी ओळखला होता. प्रार्थनामंदिर हे त्याचे उत्तर होते.

कशाशी कडक वागायचे आणि काय जपायचे, हे पन्नाशीच्या शेतकऱ्यालाही वेगळे शिकवावे लागत नाही. डवरा चालवताना तो तणाला दया दाखवत नाही आणि पऱ्हाटीच्या मुळाला धक्काही लावत नाही. पोराच्या बाबतीत नेमकी हीच नजर हरवते.

मुक्तांगणने काय दाखवले

१९८०च्या दशकाच्या मध्यावर पुण्या-मुंबईत गर्द म्हणजे ब्राऊन शुगरने तरुण पोरे गिळायला सुरुवात केली. अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. १९९७ मध्ये अनिताताई गेल्या, पण काम थांबले नाही. त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते पुढे नेले.

मुक्तांगणात दाखल झालेल्याला रुग्णमित्र म्हणतात. मारहाण नाही. मात्र दिवस घट्ट बांधलेला असतो. व्यायाम, योग, कामाच्या पाळ्या, गटचर्चा, समुपदेशन. बरे झालेले रुग्णमित्र पुढे तिथेच कार्यकर्ते होतात, त्यामुळे नव्याने आलेल्याची थापेबाजी त्यांच्यापुढे चालत नाही. पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. बाहेर पडल्यावर पाठपुरावा असतो आणि व्यसनमुक्तीची वर्षे वाढदिवस म्हणून साजरी होतात. हात न उगारता शिस्त राखता येते, याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा पुरावा हा आहे.

विदर्भातला दाखला गडचिरोलीचा. तिथे लोकांच्या चळवळीतून १९९३ मध्ये दारूबंदी झाली. २०१६ मध्ये डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने ‘मुक्तिपथ’ सुरू झाले. गावागावांत संघटना, बेकायदा विक्रीवर दबाव आणि त्याच वेळी तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचाराचे दवाखाने अशी त्याची जोड आहे. विक्रेत्यासाठी कडकपणा आणि पिणाऱ्यासाठी दवाखाना, दोन्ही एकाच हाताने.

माया म्हणजे पांघरूण घालणे नव्हे

मायेची बाजू घेताना तिच्या चुका झाकून चालणार नाही. पोराने केलेली उधारी आई दागिना मोडून गुपचूप फेडते. कामावर न गेलेल्या मुलासाठी बाप ‘ताप आला होता’ असे मालकाला सांगतो. गाडी ठोकली की नातेवाईक मिटवून टाकतात. प्रत्येक वेळी परिणामाचा चटका दुसऱ्याच कुणाला बसतो आणि त्याचे पिणे सुखाने चालू राहते. याला माया म्हणता येत नाही. हे भीतीपोटी घातलेले पांघरूण आहे.

खरी माया नियम घालते आणि ते पाळते. तिचे व्यवहारी रूप असे आहे. रोख पैसा हातात द्यायचा नाही, पण जेवण कधीही तोडायचे नाही. प्यालेला असताना एक शब्दही वाद घालायचा नाही. सकाळी, तो शुद्धीवर असताना, थोडक्यात आणि पुराव्याने बोलायचे. ‘तू वाया गेलास’ याऐवजी ‘काल रात्री तू पडलास, धाकटी रडत होती, मला भीती वाटली’ असे सांगायचे. त्याची उधारी फेडायची नाही, पण दवाखान्याचा खर्च करायचा. घरात हात उचलला तर पोलिसांची मदत घ्यायची आणि आधी बजावले असेल तर ते करून दाखवायचे. न पाळता येणारी धमकी देऊच नये. आई, बाप, आजी सगळ्यांनी एकच नियम धरायचा, कारण व्यसन नेहमी मऊ कोपरा शोधते. एखादा दिवस तो न पिता आला, वेळेवर कामाला गेला, तर ते बोलून दाखवायचे. आपल्याकडे चुकीसाठी शब्द भरपूर असतात, चांगल्या दिवसासाठी मात्र गप्प बसण्याची सवय असते.

पुन्हा घसरला तर? व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांपैकी चाळीस ते साठ टक्के लोक पुन्हा घसरतात. उच्च रक्तदाब आणि दम्याचे रोगीही जवळपास इतक्याच प्रमाणात पथ्य मोडतात. रक्तदाब वाढला म्हणून आपण कुणाला घराबाहेर काढत नाही, औषध बदलतो. घसरणे म्हणजे उपचार फुकट गेला असे नाही. कुठे घसरला, कोणासोबत, कोणत्या दिवशी, हे शांतपणे पाहून पुढचा बंदोबस्त करायचा असतो.

कडकपणा कुठे दाखवायचा

आता कडकपणाचा खरा पत्ता. बालन्याय कायदा, २०१५ चे कलम ७७ सांगते, की अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम ७८ प्रमाणे मुलाला दारू किंवा अमली पदार्थांच्या विक्रीसाठी किंवा वाहतुकीसाठी वापरणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा आहे. हे कलम किती पानठेल्यांना माहीत आहे? किती पालकांना, किती मुख्याध्यापकांना? पोराच्या कानशिलात मारायला धजावणारा हात तक्रार अर्ज लिहायला का धजावत नाही, याचे उत्तर गावाने स्वतःला द्यायला हवे.

गावातले परवानाधारक दारूचे दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात मतदानाची तरतूद आहे. पुरेशा महिलांनी लेखी मागणी केली की गुप्त मतदान होते आणि ‘आडव्या बाटली’च्या चिन्हाला आवश्यक तेवढी मते पडली की दुकान बंद होते. केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव, झरी जामणी या तालुक्यांतल्या अनेक गावांना आदिवासी क्षेत्रांसाठीचा पेसा कायदा लागू आहे. १९९६ च्या या कायद्याने ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री आणि सेवन रोखण्याचे, त्यांवर निर्बंध घालण्याचे अधिकार दिले आहेत. यवतमाळमध्ये ‘स्वामिनी’ अभियानाच्या नावाने हजारो बायका जिल्हा दारूबंदीसाठी रस्त्यावर आल्या. ती मागणी मान्य झाली नाही, पण बायकांनी कडकपणाचा पत्ता बरोबर ओळखला होता.

बंदीच्या मर्यादाही समोर आहेत. शेजारच्या चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली आणि मे २०२१ मध्ये राज्य सरकारने ती उठवली. त्या सहा वर्षांत जिल्ह्याच्या सीमा ओलांडून चोरटी दारू येतच राहिली. बंदी असो वा नसो, ज्याचे शरीर दारूवर अवलंबून आहे त्याला उपचार लागतोच. आणि उपचार किती जणांपर्यंत पोहोचतो? २०१९ च्या त्याच राष्ट्रीय अहवालानुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणतातरी उपचार मिळतो. दाखल करून उपचार १८० जणांत एकाला. बाकीच्यांच्या वाट्याला मार, शपथ आणि पुड्या येतात.

दार कुठे ठोठावायचे

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे, तिथून सुरुवात करता येते. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ आहे. रोज पिणाऱ्याने एकदम घरच्या घरी सोडू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे. त्रासाचे पहिले दिवस सुसह्य करणारी औषधे आणि जीवनसत्त्व बी-१ ही साधी सोय जीव वाचवते.

खासगी व्यसनमुक्ती केंद्रात मुलाला ठेवण्याआधी काही गोष्टी विचारा. केंद्राची नोंदणी आहे का? मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतो? घरच्यांना भेटू देतात का? बाहेर पडल्यावर पाठपुरावा आहे का? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने व्यसनाधीनतेला मानसिक आजारांच्या व्याख्येत घेतले आहे. व्यसनी माणसालाही क्रूर आणि अपमानास्पद वागणुकीपासून संरक्षण आहे. साखळीने बांधण्याला कोणत्याही स्वरूपात मनाई आहे आणि अल्पवयीन मुलाला प्रौढांपासून वेगळे ठेवणे बंधनकारक आहे. ‘आमच्याकडे सोडा, सहा महिने येऊ नका, सरळ करून देतो’ असे म्हणणाऱ्या केंद्राच्या दारातूनच परत फिरा. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, थोड्या प्रमाणातल्या पदार्थासंबंधी गुन्हा असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचारासाठी आला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. ‘दाखवले तर पोलीस धरतील’ या भीतीने पोराला लपवून ठेवणाऱ्या आईबापांना हे माहीत असायलाच हवे.

गावाने काय करावे, यासाठी आइसलंडचा दाखला घेता येतो. १९९८ मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले गेल्या महिन्याभरात दारूच्या नशेत होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. त्यांनी मुलांना भाषणे देण्याऐवजी खेळ, संगीत आणि संध्याकाळचे उपक्रम पुरवले, पालकांना एकत्र आणले, मुलांनी रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहायचे याचे नियम ठरवले आणि विक्रीच्या वयाची अट कडकपणे पाळली. आपल्याकडे आइसलंडएवढा पैसा नाही. पण शाळेचे मैदान संध्याकाळी उघडे ठेवायला, कबड्डीचा संघ उभा करायला, वाचनालयात दिवा लावायला फार पैसा लागत नाही.

येत्या ग्रामसभेत तीन ठराव घ्या. शाळेभोवती तंबाखू, खर्रा आणि हुंगण्याच्या पदार्थांची मुलांना होणारी विक्री थांबवणे आणि कलम ७७ चा फलक पानठेल्यावर लावणे. गावातल्या आशा सेविकेकडे १४४१६ आणि १४४४६ हे क्रमांक आणि जवळच्या सरकारी उपचारकेंद्राची माहिती असणे. उपचार घेऊन परत आलेल्या मुलाला गावाने कामावर घेणे आणि त्याला ‘बेवडा’ म्हणून न हिणवणे. आणि घरी, आज रात्री, तुमचा पोरगा उशिरा आला तर त्याला मारू नका. जेवायला वाढा, झोपू द्या. सकाळी त्याच्याशी बोला आणि त्याचा हात धरून दवाखान्यात जा. परत येताना ज्याने त्याला पाजले त्याच्याविरुद्ध पोलीस ठाण्यात तक्रार द्या.